बाबांच्या हयातीचा दाखला

गोरेगाव, जि. गोंदिया,
११ जुलै २०२५

ती. मामाजी,

पाया पडते. आईनं लिहायला लावलं म्हणून नाही, भाची आहे म्हणून. आशीर्वाद द्यायचा की नाही ते पूर्ण वाचून झाल्यावर ठरवा.

तुम्ही माझा फोन उचलत नाही, मेसेज बघून सोडून देता, म्हणून हे पत्र. मंजूमामी काल कुडव्याहून स्कूटीवर आल्या. उद्या परत जातील तेव्हा त्यांच्याच हाती देईन. घरी सगळे बरे आहेत. धानाचे पऱ्हे चांगले वर आलेत, पाणी असंच राहिलं तर पुढच्या आठवड्यात रोवणी लागेल. आईचा गुडघा दुखतो, पण ती ऐकत नाही, बांधावर जातेच. तुमच्यासाठी तिनं कोहळ्याच्या वड्या घातल्या होत्या, त्या मामींच्या पिशवीत आहेत.

आई आत मामींशी बोलत बसलीय आणि मधूनमधून मला ओरडून विचारते, "लिवली का वो माफी?" मी म्हणते, "लिवून राहिली न माय." तिला एवढंच माहीत आहे की नागपुरात चार लोकांसमोर मी तुमचं बोलणं तोडलं आणि म्हणून तुम्ही रुसलात. तिच्या मते चूक माझी. मोठा भाऊ, भाचीसाठी आपला धंदा सोडून गेला, गाडीचं पेट्रोल घातलं, आणि पोट्टीनं तोंड चालवलं. बाकीचं तिला मी सांगितलं नाही, बाबांनी सांगितलं नाही, आणि तुम्ही तर सांगणारच नाही.

मामींनी तुमचा निरोप दिला. कॉलेज जेवढी फी माफ करेल ती करू दे, वरचं सगळं इंद्रकुमारमामा भरेल. हॉस्टेल, मेस, जाण्यायेण्याचं, सगळं. फक्त दुर्गानं येऊन माफी मागावी आणि तिच्या बापानं, भोजराजनं, एकदा कुडव्याला येऊन शब्द टाकावा.

मामाजी, कॉलेजच्या मदतीलाही अटी आहेत. दरवर्षी अमुक इतके गुण हवेत, हजेरी हवी, एकही विषय राहायला नको. सगळ्या अटी मी नीट वाचल्या. त्यात कुठंही असं नव्हतं की मुलीच्या बापानं दारात येऊन हात जोडून उभं राहावं. परक्या लोकांना जे मागावंसं वाटलं नाही ते तुम्ही मागितलंत. मामींना मी चहा करून दिला, पण तळपायाची आग मस्तकात गेली होती.

तुम्ही गोंदियात तांदळाची दलाली करता. मिलवाले तुम्हाला वचकून असतात, हे मला लहानपणापासून माहीत आहे आणि त्याचा मला अभिमान होता. लहानपणी तुम्ही मला मिलमध्ये न्यायचात, मूठभर तांदूळ हातावर घेऊन त्यात तुकडा, कनकी किती ते दाखवायचात आणि म्हणायचात, "पहिले माल पाहा, मंग मानूस पाहा, मंग तोंड उघड." मला फूड टेक्नॉलॉजी शिकावंसं वाटलं त्याला तुमच्या त्या मिला कारण आहेत. सरकारी कॉलेजचा नंबर थोडक्यात हुकला आणि पुण्याजवळच्या या खाजगी विद्यापीठात लागला, तेव्हा सगळ्यात मोठा पेढ्यांचा डबा तुम्हीच आणलात. हे मी विसरलेली नाही. विसरले असते तर एवढा राग आला नसता.

विद्यापीठानं पहिल्यांदा निम्मी फी माफ केली. ती आपल्याला पुरणारी नव्हती. नागपूरच्या हॉटेलात त्यांची माणसं पालकांना भेटायला येणार होती, तेव्हा पुन्हा मागणी करता येईल असं त्यांनी कळवलं. बाबा म्हणाले, "इंद्रकुमारले नेऊ. बोलणी त्यालेच जमते." बघा, तुम्हाला नेण्याचं बाबांनीच सुचवलं होतं.

आणि निघायच्या आधीच तुमचं सुरू झालं. मी नवा ड्रेस घातला होता, तो बदलायला लावलात. बाबांच्या हातातलं घड्याळ काढून आईजवळ ठेवायला लावलंत. "तिथं लाचार दिसाले पायजे," म्हणालात. बाबांच्या अंगातला इस्त्रीचा शर्ट तेवढा राहिला, कारण आई ऐकेना. गाडीत बसताना तुम्ही सांगितलंत, "बोलणी मी करीन. तुमी दोघं तोंड उघडू नका." आपल्याकडे तशी रीतच आहे. सोयरिकीच्या बैठकीत मुलीचा बाप गप्प बसतो, मामा किंवा चुलता बोलतो, आणि बोलणाऱ्याचं बोलणं मधात कोणी मोडत नाही. बाबांनी ही रीत जन्मभर पाळली. कॉलेजचं टेबल म्हणजे सोयरिकीची बैठक नव्हे, हे आपल्या तिघांतल्या एकाच्याही डोक्यात आलं नाही.

त्या चष्मेवाल्या मॅडम आठवतात? किती नीट समजावून सांगत होत्या. मदत वाढवून हवी असेल तर दोन कारणं धरली जातात. एक, दुसऱ्या कॉलेजनं जास्त दिलं असेल तर त्यांचं पत्र दाखवा. दोन, फॉर्म भरल्यानंतर घरची परिस्थिती बदलली असेल तर ते सांगा. मामाजी, आपल्याकडे दोन्ही होतं! नागपूरच्या एका कॉलेजनं, दुसऱ्या शाखेला का होईना, पूर्ण फी माफीचं पत्र दिलं होतं, ते माझ्या पिशवीत होतं. तुम्ही गाडीतच सांगितलं होतं, "दुसऱ्या गिऱ्हाइकाचा भाव आधी दाखवाचा नाही." आणि आमची चक्की शिमग्यापासून बंद आहे. मोटर जळली. ती भरून आणावी तर दळण येत नाही, अर्धं गाव पाकिटातलं पीठ आणतं. फॉर्ममध्ये लिहिलेली बाबांची कमाई गेल्या वर्षीची होती, आता त्यातली निम्मीही नाही. परिस्थिती बदलली म्हणजे आणखी काय असतं?

पण तुम्हाला धान्यबाजारातला सौदा करायचा होता. मॅडमनी आकडा सांगितला आणि तुम्ही खुर्ची मागे सारून उठलात. "इतने में नहीं जमता मॅडम. चल दुर्गा." दारापर्यंत गेलात. मागून हाक येईल म्हणून थांबलात. त्यांनी हाक मारली ती पुढच्या नंबरच्या मुलीला. तुम्ही तिथल्या जारचं पाणी प्यालात, सावकाश, मग आणखी एक ग्लास. मला तेव्हा हसू आलं होतं, खरं सांगते. त्या मुलीचं आटोपल्यावर तुम्ही परत येऊन बसलात आणि म्हणालात, "अच्छा मॅडम, एक बात रह गई थी."

इथपर्यंत असतं तर मी ही गोष्ट घरी येऊन रंगवून सांगितली असती आणि आपण सगळे हसलो असतो.

मॅडमनी शांतपणे विचारलं, "घरच्या परिस्थितीत काही बदल झालाय का?" मी "चक्की" म्हणायला तोंड उघडलं, तर तुम्ही टेबलाखालून माझा हात एवढा दाबलात की बांगडी रुतली. आणि मग तुम्ही ते वाक्य बोललात.

ते मी अजून कोणालाच सांगितलेलं नाही. इथं लिहायचं म्हणून दोनदा कागद फाडला.

आईच्या लग्नाची गोष्ट तुम्हीच आम्हाला सांगायचात. मांडवात जावयाचे पाय तुम्ही धुतलेत. थोरला भाऊ म्हणून तो मान तुमचा होता. परातीत पाणी सांडलं आणि बाबा ओशाळून म्हणाले, "राहू द्या जी," तेव्हा तुम्ही म्हणालात, "नाही जी, तुमी आमचे देव." हे हसत हसत किती वेळा सांगितलंत!

त्या देवाला तुम्ही नागपुरात मारलंत. "बदल कैसे नहीं मॅडम? लडकी का बाप गुजर गया. होली के पहले."

लिहिलं एकदाचं.

बाबा तुमच्या डाव्या हाताला बसले होते. मॅडमनी पेन खाली ठेवलं. माझ्याकडे बघून "सॉरी, बेटा" म्हणाल्या आणि आपल्यासमोरचा पाण्याचा ग्लास माझ्यापुढे सरकवला. त्यांचे डोळे खरंच भरून आले होते. मग त्यांनी बाबांकडे बघून विचारलं, "आणि हे?" तुम्ही एक क्षणही थांबला नाहीत. "ये? ये हमारा ड्रायव्हर है." माझे बाबा! ट्रॅक्टरच्या सीटवर बसवलं तरी ज्यांना घाम फुटतो ते. मॅडम चांगल्या घरच्या, त्या म्हणाल्या, "ड्रायव्हरकाका, बाहेर चहा ठेवलाय, घेता का?"

आणि बाबा उठले. "हो जी," म्हणाले. जाताना माझ्याकडे बघून डोळ्यांनीच खुणावलं, गप्प राहा. खुर्ची पुन्हा नीट टेबलाला लावून ठेवली आणि गेले.

मी तेव्हा बोलले नसते तर आज हे पत्र माफीचं असतं, आणि मी तुमची नाही, बाबांची माफी मागत असते. मी म्हटलं, "मॅडम, आत्ता बाहेर गेले ते माझे बाबा आहेत. ते जिवंत आहेत." एवढंच बोलले. यालाच तुम्ही मामींना "भर सभेत माझी इज्जत काढली" असं सांगितलंत. इज्जत कोणाची निघाली हो, मामाजी?

परतताना कोहमाऱ्यापर्यंत तुम्ही गाडी नुसती पळवलीत. धाब्यावर गाडी थांबवलीत आणि तिथं सगळं काढलंत. "बनलेला सौदा पोट्टीनं मोडला. बापावर गेली, अक्कल नाही. आजकाल खरं बोलून काय भेटते?" ट्रकवाले मान वळवून बघत होते. मग "इथून काळीपिवळी भेटते" म्हणून तुम्ही गाडी सुरू केली आणि निघून गेलात. घरच्या जावयाला आणि भाचीला हायवेवर सोडून. कुडव्याला जायला तुम्हाला गोरेगाव वाटेतच लागतं, तरीसुद्धा.

मी बाबांवरच धावून गेले. "तुमी कायले उठले जी तिथून?"

"बोलणी चालू होती न वो. मधात कसा बोलू?"

"त्यायनं मारून टाकलं तुम्हाले, बाबा!"

बाबा बशीत चहा ओतत होते. म्हणाले, "तुही फी माफ होत असन तं एक दिवस मेलो म्हनून काय झालं? संध्याकाळी जेवाले घरीच हावो न."

मला रडू आलं नाही. मला बाबांचाही राग आला, त्या चहाचाही, तुमच्या गाडीच्या धुराचाही. थोड्या वेळानं तेच हळूच म्हणाले, "मले एकदा इचारलं असतं तं चक्कीचं सांगतलं असतं." मामाजी, गोरेगाव ते नागपूर एवढा रस्ता तुम्ही त्यांच्या शेजारी बसून गेलात. भाटव्याला, सख्ख्या बहिणीच्या नवऱ्याला, काही सांगायचं असेल, असं तुम्हाला एकदाही वाटलं नाही. खोटं बोललात त्यापेक्षा मला हे जास्त लागलं. तुम्हाला बाबांना मारायला काही जड गेलं नाही, कारण तुमच्या हिशोबात ते आधीही कुठं होते?

पुढचं तुम्हाला माहीत नाही. तुम्ही फोन उचलला असता तर कळलं असतं. कॉलेजचा मेल आला की माहिती जुळत नाही, म्हणून आधी दिलेली निम्मी माफीही थांबवली आहे. वडिलांबाबत खुलासा आणि पुरावा पाठवा. पुरावा! माझ्या बाबांना नगरपंचायतीत जाऊन हयातीचा दाखला मागावा लागला. तिथल्या कारकुनानं, केवलरामभाऊंनी, विचारलं, "काऊन जी भोजराजभाऊ, पेन्शन लागली का?" बाबा म्हणाले, "नाही जी, पोरीच्या कॉलेजात कागद चुकला."

"असा कसा चुकते? कोनं मारलं तुम्हाले?"

"चुकते कधी कधी," बाबा म्हणाले. तिथं बसलेली माणसं हसली. बाबाही हसले. तुमचं नाव त्यांनी तिथं घेतलं नाही आणि घरीही घेतलं नाही. केवलरामभाऊ म्हणाले, समोर उभे राहा, पाहून लिहितो. आणि बाबा खरंच सरळ उभे राहिले. तो कागद मी मोबाइलवर स्कॅन केला.

कॉलेजला पत्र आम्ही दोघांनी मिळून लिहिलं. बाबा जिवंत आहेत, चक्की बंद आहे, जळलेल्या मोटरीचा फोटो, नागपूरच्या कॉलेजचं पत्र, सगळं जोडलं. त्या दिवशीच्या बोलण्याबद्दल बाबांनी सांगितलं तसं लिहिलं: "घरच्या एका वडीलधाऱ्या माणसानं काळजीपोटी चुकीची माहिती दिली." मी "काळजीपोटी" खोडलं. त्यांनी पुन्हा घालायला लावलं. मी पुन्हा खोडलं, तर म्हणाले, "राहू दे वो. त्यायले तुही काळजी आहेच." तो शब्द पत्रात गेलाय. तो माझा नाही, बाबांचा आहे, एवढं लक्षात ठेवा.

परवा मॅडमचा फोन आला. मला म्हणाल्या, आधी वडिलांना द्या. बाबा फोनवर बोलायलासुद्धा उठून उभे राहिले. मॅडमनी त्यांची माफी मागितली, ड्रायव्हर समजून बाहेर पाठवलं म्हणून. ज्यांनी मागायला हवी होती ते सोडून सगळे माझ्या बाबांची माफी मागताहेत. निम्मी माफी परत मिळाली, वर हॉस्टेलच्या फीतही सूट मिळाली. चक्कीचं त्यांनी धरलं. पण त्यांनी स्पष्ट सांगितलं की फाईल थांबली तेवढ्या दिवसांत बरीचशी मदत वाटून झाली, नाहीतर आणखी मिळाली असती. हा तुमच्या सौद्याचा नफा. उरलेल्यासाठी बँकेचं शैक्षणिक कर्ज काढतेय. नोकरी लागल्यावर मी फेडायचं आहे, बाबांनी नाही. काल मी होकार कळवला.

तेव्हा तुमच्या पैशाला नाही म्हणते. मनापासून, रागानं नाही म्हणते. बाबा कुडव्याला शब्द टाकायला येणार नाहीत. ते यायला तयार होते, काल शर्टही काढून ठेवला होता, मीच अडवलं.

आता माझं मागणं ऐका. आईला अजून माहीत नाही. पण पंचायतीत हसलेल्या माणसांना घरं आहेत, बायका आहेत, आणि रोवणीत सगळ्या एका बांधीत वाकणार आहेत. आईला चिखलात उभी असताना कोणाच्या तरी तोंडून कळेल की तिचं कुंकू तिच्याच भावानं पुसलं. ती आत्ता मामींना विचारतेय की यंदा दादाला कोणत्या रंगाची राखी आवडेल. मामाजी, मला तिच्याकडे बघवत नाही. रोवणी लागायच्या आत या आणि तुमच्या बहिणीला तुमच्या तोंडानं सांगा. ती रडेल, ताट आपटेल, तुम्हाला दारातून परत पाठवेल. तरी या. मी सांगणार नाही, आणि बाबा तर मेले तरी सांगणार नाहीत. बघा, काय लिहून गेले. तुमच्यामुळे आता या घरात हा शब्दसुद्धा सहज वापरता येत नाही.

महिन्याच्या शेवटी गोंदियाहून पुण्याची गाडी आहे. आईला तोंड दाखवून झालं असेल तर मला बसवून द्यायला स्टेशनवर या. डब्यात शेजारचे विचारतातच, कुठं चालली, सोबत कोण आलंय. बाबा सवयीप्रमाणे गप्प उभे राहतील. तेव्हा तुम्ही बोला. आपल्या घरची बोलणी तुम्हीच करायची, तो मान मी काढून घेतलेला नाही. माझ्या बाबांच्या खांद्यावर हात ठेवून त्या अनोळखी लोकांना सांगा, हे मुलीचे वडील.

आई पुन्हा विचारतेय. मी तिला सांगितलं, झाली लिहून.

तुमचीच भाची,
दुर्गेश्वरी भोजराज रहांगडाले